रानवाटेवर पायगाडी

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, ज्यास आजोबांच्या पिढीचे लोक अद्याप चांदाच म्हणत, पायगाडी हें केवळ सडकेचें वाहन कधींच नव्हतें. डाकवाला, दूधवाला, कोतवाल, वनरक्षक, आणि एका गांवीं राहून दुसऱ्या गांवीं शिकविणारा शिक्षक, ह्या साऱ्यांनीं ती पांदणींतून, धानाच्या धुऱ्यांवरून, नाल्याच्या वाळूंतून व सागवनांतील मुरमाड वाटांवरून चालविली. जेथें ती चालेना तेथें ती खांद्यावर घेतली. त्यामुळें 'माउंटन बाइक' नांवाची एक निराळी पायगाडी निघाली असून ती डोंगरांत व रानांत चालविण्यासाठींच केलेली असते, असें जेव्हां मीं आमच्या वृद्ध शिपायास सांगितलें, तेव्हां त्यानें विचारलें, "मंग सर, मी तीस वर्षं काय चालवत होतो?"

प्रश्न रास्त होता. तथापि आजचा विषय शिपायाचा नसून मुलांचा आहे. गेलीं चार वर्षें आपल्या शाळेंतील कांहीं मुलामुलींस, त्यांच्या पालकांच्या संमतीनें, मी रविवारीं सकाळीं रानवाटेवर पायगाडी चालविण्यास शिकवीत आलों आहें. त्यांतील पालकांच्या उपयोगी पडतील व मुलांस रुचतील अशा कांहीं गोष्टी येथें लिहिण्याचें योजिलें आहे. पैकीं एक गोष्ट वाघाची आहे. ती कोठें येते हें पाहण्यासाठीं मुलें पानें उलटतील हें मला ठाऊक आहे. परंतु तिला अवकाश आहे.

प्रथम ह्या नव्या गाडीची जन्मकथा. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मरीन म्हणून एक जिल्हा आहे व तेथें टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांनीं जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या, अवजड पायगाड्या वेंचून आणल्या आणि त्या डोंगरावर चढवून उतारावरून सोडून देण्याचा नाद लावून घेतला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर त्यांनीं पहिली शर्यत लावली. दोन मैलांहूनहि कमी अंतरांत तेराशें फूट उतरणारी ती वाट! त्या जुन्या गाड्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबांत, म्हणजे बंडीच्या चाकास जेथें तुंबा असतो त्या ठिकाणीं, असे. पायडल उलटें दाबलें कीं तो लागे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे कीं आंतील ग्रीज जळून धूर निघे, आणि प्रत्येक खेपेस हब उघडून नवें ग्रीज भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक', अर्थात् 'पुन्हां भर', असें पडलें. पुढें १९७७ सालीं जो ब्रीझ ह्यानें खास ह्याच कामाकरितां सांगाडा घडविला. १९७९ मध्यें गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनीं अशा गाड्यांचा व्यापार मांडला. आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ दाखल झाला. आपल्या देशांतहि २०२३ च्या ऑक्टोबरांत ह्या खेळाच्या आशियाई स्पर्धा केरळांतील पोनमुडी येथें भरल्या होत्या.

ही हकीकत मीं वर्गांत सांगितली तेव्हां मुलांस धुराचा भाग फार आवडला. मला मात्र एक निराळेंच चित्र आठवलें. भामरागडाकडे एकदां जाणें झालें असतां, मुरमाच्या एका उतारावरून तीन माडिया मुलें एकाच पायगाडीवर बसून येतांना मीं पाहिलीं. गाडीस ब्रेक म्हणून कांहीं नव्हताच. मागें बसलेल्या मुलानें पायांतील चप्पल मागच्या टायरावर दाबून धरली होती, आणि उतार संपतांच ती तिघेंहि जण उतरून चप्पल किती झिजली हें मोठ्या गंभीरपणें तपासूं लागलीं. कॅलिफोर्नियांतील त्या तरुणांशीं ह्या मुलांची गांठ पडती तर दोहों पक्षांस एकमेकांची भाषा समजण्यास फारशी अडचण पडली नसती.

आतां पालकांशीं दोन शब्द. आमच्या तालुक्याच्या गांवाचें नांवच मूल असल्यामुळें 'मूल येथील मुलें' असें लिहितांना हात क्षणभर अडखळतो; असो. येथील बहुतेक पालक पायगाडी घेतांना कपड्याचा न्याय लावतात. सदरा जसा दोन बोटें मोठा शिववावयाचा, तशी गाडीहि पुढच्या दोन वर्षांच्या हिशेबानें घ्यावयाची. परंतु सदरा सैल झाला तर मूल पडत नाहीं. आपण सर्व जण वडिलांच्या किंवा काकांच्या मोठ्या गाडीवर कैंची मारून, म्हणजे नळीखालून पाय घालून, अर्धें पायडल मारीत शिकलों, हें खरें. आणि त्यांत कौशल्य होतें हेंहि खरें. पण तें कौशल्य गरजेनें शिकविलें, गाडीनें नव्हे. रानवाटेवर तर सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत, कारण तेथें अकस्मात् थांबावें लागतें. दुसरें असें कीं, हल्लीं बाजारांत स्वस्तांत मिळणाऱ्या, पुढें मागें शॉकअप लावलेल्या व झगझगीत रंगाच्या ज्या गाड्या मुलांच्या मनांत भरतात, त्या बहुधा इतक्या जड असतात कीं पहिली चढण लागतांच मुलाचा उत्साह संपतो. त्यापेक्षां साधी, हलकी, योग्य मापाची, दोन्ही ब्रेक चोख असलेली व जरा रुंद टायरांची गाडी शंभर वांट्यांनीं बरी. गिअर असले तर उत्तम. नसले तर चढणीवर उतरून ढकलण्यांत कमीपणा नाहीं.

अगदींच नवशिक्या मुलास गाडीवर बसवितांना मी प्रथम दोन्ही पायडलें काढून ठेवितों. हें पाहून पालक चकित होतात. परंतु पायगाडीचा जो मूळ पुरुष, जर्मनींतील कार्ल द्रायस, तो १२ जून १८१७ रोजीं मानहाइम शहरांतून जी दुचाकी घेऊन निघाला तिला पायडलें नव्हतींच. तो जमिनीवर पाय मारीत पुढें जाई. मनुष्यजातीनें प्रथम तोल साधला व पायडलें मागाहून बसविलीं. मुलानेंहि तसेंच करावें, हें मला सयुक्तिक वाटतें. सीट खालीं घ्यावी, किंचित् उतार असलेलें मैदान निवडावें, आणि मुलास पायांनीं ढकलीत जाऊं द्यावें. थोड्याच वेळांत त्याचे पाय आपोआप वर उचलूं लागतात, आणि मग तें पक्ष्यासारखें तरंगत उताराच्या टोंकास जातें. तो आनंद पाहण्याकरितां आयाहि येऊन बसतात. बाजूस आधाराचीं दोन लहान चाकें लावण्याची जी पद्धति आहे तिचा मी भोक्ता नाहीं. त्या चाकांमुळें गाडी कलत नाहीं, आणि गाडी कलल्यावांचून वळावें कसें हें मुलास कळत नाहीं. पायडलें काढावयाचीं तर एक खूण ध्यानांत ठेवावी: उजवें पायडल इतर सर्व मळसूत्रांप्रमाणें सुटतें, पण डाव्याचे आटे उलटे असतात. कित्येक शहाण्या माणसांनीं डावें पायडल सोडवितां सोडवितां अधिकच घट्ट करून ठेविलेलें मीं पाहिलें आहे.

मैदानांतून रानवाटेवर जाण्यापूर्वीं आमच्याकडे एक मधली पायरी आहे, व ती ईश्वरकृपेनें गांवोगांव उपलब्ध आहे. ती म्हणजे तलावाची पाळ. मूल, सावली, सिंदेवाही हा सारा धानाचा मुलूख. येथें कोहळी लोकांनीं व जुन्या मालगुजारांनीं बांधलेले तलाव जागोजाग आहेत. लोक त्यांस मामा तलाव म्हणतात. पाळीवरची वाट अरुंद असते, पण सपाट; एका अंगास पाणी, दुसऱ्या अंगास खालीं शेतें. ह्या वाटेवर मुलास एक गोष्ट सांगतांच पटते, जी वर्गांत दहादां सांगूनहि पटणार नाहीं: जिकडे दृष्टि तिकडे चाक. जें मूल पाण्याकडे पाहतें तें पाण्याकडे जातें. जें मूल वाटेंतील दगडाकडे 'आतां ह्यावर आपटूं नये' म्हणून टक लावून पाहतें तें हमखास त्याच दगडावर आपटतें. दहा पावलें पुढें, जेथून जावयाचें तेथें पहावें, म्हणजे हात आपले काम आपण करतात.

मग पांदण. 'चाकोरी' हा शब्द आपण भाषणांत व निबंधांत शंभरदां वापरतों. चाकोरीबाहेर जा, असें तरुणांस सांगण्याची तर चालच आहे. परंतु ज्या मुलांनीं ती प्रत्यक्ष पाहिली नाहीं त्यांस सांगतों कीं, पावसाळ्यांत चिखलांतून बंड्या गेल्या म्हणजे त्यांच्या चाकांच्या ज्या दोन खोल चऱ्या पडतात, आणि दिवाळीनंतर वाळून विटेसारख्या कठीण होतात, तीच चाकोरी. पायगाडीचें पुढचें चाक एकदां तींत शिरलें कीं हँडल वळवून बाहेर पडतां येत नाहीं. चाक कडेस घांसतें, अडतें व स्वार बाजूस पडतो. तींतून जावयाचें तर सरळ, हलक्या हातानें, पायडलें मारीत जावें. बाहेर पडावयाचें तर तिरपें पडूं नये. वेग कमी करून, पुढचें चाक किंचित् उचलून, शक्य तितक्या काटकोनांत ती ओलांडावी. आमच्या मुलांनीं ह्यास 'चाकोरी तोडणें' असें नांव दिलें आहे. जें मूल प्रथमच चाकोरी तोडतें त्यास त्या दिवशीं सर्वांपुढें चालण्याचा मान मिळतो.

बाकीच्या युक्त्या पांदणच शिकविते. उतारावर सीटवरून थोडें उठावें, दोन्ही पायडलें सारख्या उंचीवर ठेवावीं, गुडघे व कोंपर सैल ठेवावे, अंग मागें न्यावें. पुढचा ब्रेक अंगावर उलथवितो ह्या समजुतीनें मुलें तो कधीं लावीतच नाहींत. वास्तविक गाडी थांबविण्याचें बहुतेक काम तोच करतो, मात्र तो हळूहळू व मागच्याच्या जोडीनें दाबावा, आणि सुट्या मुरमावर वळण घेतांना दाबूं नये. वेग वळणापूर्वींच आंवरावा. माघ-फाल्गुनांत सागाचीं पानें गळून वाटेवर ढीग पडतात. त्यांखालीं दगड आहे कीं खड्डा हें दिसत नाहीं, आणि तीं पापडासारखीं सरकतात. तेथें घाई करूं नये. टायरांत हवा सडकेवर लागते तितकी रानांत नको. अंगठ्यानें दाबून जरा दबेल इतकीच असावी, म्हणजे चाक जमिनीस चिकटून चालतें. हवेचा टायर निघाला तोच मुळीं एका मुलासाठीं. बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाची तीनचाकी खडबडीत वाटेवर आदळूं नये म्हणून तो तयार केला आणि १८८८ सालीं त्याचा हक्क नोंदविला.

हवा आली कीं पंक्चर आलें, व आमच्या भागांत बाभूळ आणि बोर ह्यांची कमतरता नाहीं. घमेलें, पाणी, घांसावयाचा कागद, सोल्यूशन, रबराचा तुकडा व पंप, एवढी सामग्री आम्ही बरोबर नेतों. मुलें ह्या कामावर इतकीं खूष असतात कीं एका रविवारीं पंक्चर न झाल्यामुळें दोघे जण रुसले होते. गांवांतील सायकलदुरुस्तीवाल्या काकांनीं एक दिवस येऊन त्यांस चाकाचा आउट कसा काढावा हेंहि दाखविलें. एका चाकाचे आरे सैल-घट्ट करून वांकडी रिम सरळ आणतांना तासभर कोणी बोललें नाहीं. भूमितीच्या तासाला मला इतकी शांतता कधीं लाभली नाहीं.

आतां वाघाची गोष्ट.

ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला, आणि वाघ वाढले. वाढलेले वाघ प्रकल्पाची सीमा वाचीत नाहींत. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी ह्या भागांत गांव, शेत आणि रान हीं तिन्ही एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत कीं तेंदूपत्त्यास, मोहफुलांस, सरपणास किंवा गुरांमागें गेलेलें माणूस परत आलें नाहीं, ही वार्ता आमच्याकडे दर वर्षीं ऐकूं येते. १९८२ सालीं निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतहि आतां वाघ आहेत, आणि २०२१ पासून तेथें छत्तीसगडाकडून आलेले रानटी हत्तीहि हिंडूं लागले. अशा मुलखांत मुलांस रानवाटेवर नेणें हा अविचार नव्हे काय, असें मला पुष्कळांनीं विचारलें आहे. उत्तर असें कीं, मुलें रानवाटेनें जातातच. त्यांची शाळा तिकडून आहे, त्यांची शेतें तिकडे आहेत. प्रश्न तीं जातात कीं नाहीं हा नसून तीं कशीं जातात हा आहे.

म्हणून आमचे कांहीं नियम आहेत व ते मोडणाऱ्यास पुढील रविवारीं गाडी मिळत नाहीं. ताडोबाच्या गाभ्यांत पायीं किंवा पायगाडीवर हिंडण्यास मनाईच आहे. आम्ही कोणत्याहि दाट रानांत शिरत नाहीं, गांव व शेत ह्यांच्या मधल्या पांदणींवरच राहतों. सूर्य चांगला वर आल्यावांचून निघत नाहीं आणि उन्हें कलण्यापूर्वीं घरीं असतों. एकटें कोणी पुढें नाहीं, एकटें कोणी मागें नाहीं. धान उभें असतां पांदण वर्ज्य, कारण कमरेइतक्या पिकांत काय बसलें आहे हें दिसत नाहीं. निघण्यापूर्वीं त्या बिटाच्या वनरक्षकास विचारावयाचें, आणि तो नको म्हणाला तर वाद घालावयाचा नाहीं.

ह्यांखेरीज एक नियम आहे तो पायगाडीच्या स्वभावामुळें करावा लागला. पायगाडी मुकी असते. पायीं चालणाऱ्या माणसांचें बोलणें, पावलें, खोकणें जनावरास दुरून कळतें व तें बाजूस होतें. पायगाडी मात्र आवाज न करितां वळणावर एकदम उभी राहते. अस्वल, विशेषतः मोहाखालीं फुलें वेंचण्यांत गुंग झालेलें अस्वल, अशा वेळीं पळत नाहीं, अंगावर येतें. अमेरिकेंतहि अस्वलांच्या प्रदेशांत सायकलस्वार गाडीस घंटा बांधतात असें वाचलें होतें. आमच्या मुलांनीं पोळ्याच्या घुंगरमाळा शोधून काढल्या. आतां आमची टोळी निघाली म्हणजे वीस बैलजोड्या शर्यतीस चालल्याचा भास होतो, आणि वाटेवरचीं खरीं बैलें कान टवकारून उभीं राहतात.

ह्या साऱ्या खटाटोपास खरें कारण झालें तें एका मुलीचें. ती आपल्या शाळेंत आठवींत होती. तिचें गांव पांदणीनें चार किलोमीटर व डांबरी सडकेनें सहा. मानव विकास कार्यक्रमाखालीं आठवी ते बारावीच्या ज्या मुली शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहतात त्यांस सरकारांतून पायगाडी मिळते, व त्यापलीकडील मुलींसाठीं निळ्या बसगाड्या आहेत. हिला पायगाडी मिळाली. ती साधीच, पुढें टोपली असलेली, बिनगिअरची होती. मुलीनें ती दोन महिने चालविली. मग त्यांच्या गांवच्या शिवारांत गवत कापावयास गेलेली एक बाई वाघानें नेली, आणि मुलीच्या वडिलांनीं गाडी घरांत, धानाच्या कोठीशेजारीं, भिंतीस लावून ठेविली. मुलगी आठवड्यांतून दोनदां, कोणी मोटारसायकलवर आणलें तर येई. नाहीं तर नाहीं.

मी त्यांच्या घरीं गेलों. वडील समजूतदार गृहस्थ, दोन एकरांचे धनी. त्यांनीं मला खाटेवर बसविलें, चहा दिला, आणि सांगितलें, "सायकल बी सरकारचीच सर, न् वाघ बी सरकारचाच. मी कोणाचं आयकू?"

मीं त्यांस धीर धरा, कांहीं होत नाहीं, असें म्हटलें नाहीं. तसें म्हणणें खरें झालें नसतें. कांहीं होतें, हें आम्हां दोघांसहि ठाऊक होतें. मीं एवढेंच विचारलें कीं, ती शाळेंत येत नाहीं त्या दिवशीं ती कोठें असते? ते थोडा वेळ गप्प राहिले. मुलीची आई आंतून म्हणाली, "वावरात असते. आमच्यासंग." वावर रानाच्या कडेसच होतें. वडिलांनीं पत्नीकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बसा सर, आणखी एक चहा घ्या."

दुसऱ्या रविवारीं तीं दोघें, बाप व लेक, मैदानावर आलीं. मुलीची गाडी ती स्वतः चालवीत आली होती, वडील मोटारसायकलवर मागें. तो दिवसभर ते बाभळीखालीं बसून पाहत होते. मुलीस पायगाडी येतच होती. तिला जें शिकावयाचें होतें तें निराळें होतें. एका हातानें घंटी वाजवीत चालणें. वळणापूर्वीं थांबून ऐकणें. माकडांचा व चितळांचा भयसूचक आवाज ओळखणें, आणि तो ऐकूं येतांच गाडी फिरवून, न पळतां, ज्या वाटेनें आलों त्याच वाटेनें परत जाणें. टोळींतील सर्वांत लहान मुलीच्या वेगानें चालणें. ह्यांतील शेवटची गोष्ट तिला सर्वांत कठीण गेली, कारण ती वेगवान होती आणि तिला तें माहीत होतें. वनरक्षकानें येऊन मुलींस वाघाच्या पावलाचा ठसा मुरमांत कसा दिसतो व धुळींत कसा, ताजा कोणता व शिळा कोणता, हें काठीनें दाखविलें. तिच्या वडिलांनीं त्यावेळीं पुढें येऊन त्याची एक खूण दुरुस्त केली. वनरक्षकानेंहि ती मान्य केली. त्या दिवसापासून ते माझे सहाध्यापक झाले असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्या जिल्ह्यास पायगाडीचें मोठें काम नवें नाहीं. वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणाऱ्या बाबा आमट्यांनीं १९८५ सालीं तरुणतरुणींस पायगाड्यांवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली होती. त्यांचें वय तेव्हां सत्तरीचें, पाठीचा कणा दुखावलेला, बसणें अशक्य. ते गाडींत पडून बरोबर गेले. मूलजवळच्या सोमनाथ येथें त्यांनींच सुरू केलेल्या छावणीस गेलेलीं माणसें आमच्या गांवांत आहेत. मुलीच्या गांवीं सभा भरली तेव्हां त्यांच्यापैकीं एका आजोबांनीं त्या यात्रेची गोष्ट काढली. त्यावर एक बाई म्हणाल्या कीं, देश जोडणें सोपें आहे, आमचें गांव शाळेस जोडून दाखवा. सभेंत हंशा पिकला. पण बाईंची लेक पुढच्या रविवारीं मैदानावर हजर होती.

आजमितीस त्या गांवाहून पांच मुली पायगाडीनें येतात. ती पहिली मुलगी दहावींत आहे व सर्वांच्या मागें असते. मागें राहणें हें टोळींतील सर्वांत जबाबदारीचें काम, तें तिनें मागून घेतलें. मार्गशीर्ष-पौषांत दिवस लहान असतात, म्हणून त्या महिन्यांत ह्या मुलींस शेवटचा तास सोडून निघण्याची मोकळीक आहे. तो तास गणिताचा पडे. मुख्याध्यापकांनीं वेळापत्रक फिरवून तेथें चित्रकला घातली. मुलींची तक्रार अशी कीं, उलट करावयास हवें होतें.

पांदणीनें यावें कीं सडकेनें, हें दर सोमवारीं सकाळीं ठरतें. मुलीचे वडील वनरक्षकास फोन करतात, मग मुलीस सांगतात, आणि ती पांचहि घरीं निरोप देते. गेल्या सोमवारीं तलावाच्या मागच्या अंगास मादी व दोन बच्चे दिसल्याची खबर होती. त्यामुळें हा आठवडा सडकेचा आहे. दोन किलोमीटर अधिक पडतात, आणि त्या अर्धा तास आधीं निघतात.